संरक्षण आदेश हाती आहे, तरीही तो समोरच्या टपरीवर बसलेला असतो

निंबाची_सावली यांचा प्रश्न

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माहेरी राहते आणि तेथील एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून काम करते. माझे सासर धुळे जिल्ह्यात आहे. दिवाळीनंतर येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली माझ्या बाजूने संरक्षण आदेश दिला. पतीने माझ्याशी प्रत्यक्ष, दूरध्वनीवरून अथवा अन्य कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये आणि माझ्या राहत्या घरी व कामाच्या ठिकाणी प्रवेश करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आदेशाची नक्कल हाती आली त्या दिवशी वडिलांनी शेजारी पेढे वाटले, आणि पुढचे तीन आठवडे खरोखरच शांततेत गेले.

त्यानंतर जे सुरू झाले, ते कोणाला सांगितले तर ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटते, हीच माझी मुख्य अडचण आहे. पतसंस्थेच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाची टपरी आहे. तेथे तो सकाळी साडेअकराच्या सुमारास येऊन बाकावर बसतो आणि मी दुपारी डबा खाण्यासाठी आत गेले की निघून जातो. तो हाक मारत नाही, रस्ता ओलांडत नाही. मात्र माझ्या खात्यात यूपीआयने एक रुपया जमा होतो आणि त्याच्यासोबतच्या टिपेत लिहिलेले असते, "जेवलीस का?" एकदा लिहिले होते, "आज हिरवी साडी." त्या दिवशी मी हिरवीच साडी नेसले होते. मी त्याचा क्रमांक केव्हाच बंद करून ठेवला आहे. परंतु पैशाच्या वाटेनेही निरोप येऊ शकतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

त्याच्या एका मित्राने आमच्याच संस्थेत बचत खाते उघडले आहे. दर दोन-तीन दिवसांनी तो शंभर रुपये भरायला नेमका माझ्या खिडकीशी येतो आणि मी पावती लिहीपर्यंत हळू आवाजात म्हणतो, "वहिनी, दादा फार खचला आहे." दर शनिवारी मी संगणकाच्या एका अभ्यासक्रमासाठी एसटीने धुळ्याला जाते, गेल्या दोन शनिवारी पती बसच्या मागे मोटारसायकलवर होता.

मी पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आले. ठाणे अंमलदारांनी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला आणि रस्ता सर्वांचा असतो, असे सांगितले. धुळ्यात विचारले, तर आदेश आमच्या हद्दीतील न्यायालयाचा नाही, असे उत्तर मिळाले. त्यात आता आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आहे. घरी माहेरवाशिणी येतील, अंगणात झोका बांधला जाईल, येणाऱ्याजाणाऱ्यांना दार उघडे राहील. भाऊबंदांपैकी काही जण तर म्हणू लागले आहेत की, सणाच्या निमित्ताने जावयाला बोलावून विषय मिटवून टाकावा. आईला रात्री झोप लागत नाही.

टपरीवर बसणे हा आदेशाचा भंग होतो का? एक रुपया पाठवणे हा संपर्क ठरतो का? आणि कोणाकडे, कोणत्या शब्दांत तक्रार केली असता तिची दखल घेतली जाईल? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_काळा_कोट

ताई, मी याच भागातील तालुका न्यायालयांत वकिली करतो आणि अशी प्रकरणे हाताळली आहेत. आपल्या वकिलांना डावलण्याचा हेतू नाही. हे वाचून त्यांच्याशी बोला.

प्रथम रुपयाविषयी सांगतो, कारण आपल्या प्रकरणातील सर्वांत पक्का पुरावा तोच आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या अधिनियमाच्या कलम १८ मध्ये संपर्काची व्याप्ती मुद्दाम मोठी ठेवलेली आहे: प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक किंवा दूरध्वनीवरून, कोणत्याही स्वरूपातील संपर्क. यूपीआयची टीप हा लेखी आणि इलेक्ट्रॉनिक असा दोन्ही प्रकारचा संपर्क आहे, आणि तो पाठवणाऱ्याच्या बँक खात्याशी जोडलेला असल्यामुळे "मी पाठवलाच नाही" असे म्हणणे त्याला जड जाईल. प्रत्येक टिपेचे दिनांक व वेळ दिसेल असे छायाचित्र घ्या, बँकेकडून शिक्क्यासह खातेउतारा घ्या, आणि तो रुपया परत पाठवू नका. रुपया परत करणे हाही एक निरोपच असतो, आणि त्याला नेमके तेच हवे असते.

टपरीविषयी मात्र मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. आदेशात कामाच्या ठिकाणी "प्रवेश" करू नये असे शब्द असतील, तर रस्त्यापलीकडचा बाक त्यात बसतो की नाही, यावर त्याचे वकील तासभर बोलू शकतील. परंतु टपरी आणि रुपया यांना वेगवेगळे ठेवलेत, तरच ही अडचण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शवूनही तिच्या मागे जाणे आणि तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे, हा पाठलागाचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३५४-ड लागू होते. ते २०१३ च्या दुरुस्तीने आले होते. न्यायालयाच्या आदेशापेक्षा अनिच्छेचा अधिक स्पष्ट पुरावा कोणता असणार? त्यामुळे तक्रारीत "तो टपरीवर बसतो" एवढेच न लिहिता, तो कोणत्या तारखेला किती वाजता बसला, त्याच वेळी कोणती टीप आली, आणि त्याच आठवड्यात तो बसच्या मागे कोठपर्यंत आला, हे एका सलग कथनात लिहा. हिरव्या साडीची टीप त्यात ठळकपणे येऊ द्या. ती टीप लिहिणारा मनुष्य त्या क्षणी आपल्याला पाहत होता, हे त्यानेच लिहून दिले आहे.

आता अदखलपात्र नोंदीविषयी. येथेच बहुतेक तक्रारी अडकतात. संरक्षण आदेशाचा भंग हा २००५ च्या अधिनियमाच्या कलम ३१ खालील स्वतंत्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे; आणि कलम ३२ प्रमाणे तो दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येणारा, व अजामीनपात्र आहे. उलटपक्षी, कलम ७८ चा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणून केवळ ७८ लावले, तर तो संध्याकाळी ठाण्यातूनच घरी जाईल. तक्रार अर्जाच्या विषयाच्या ओळीतच "संरक्षण आदेशाचा भंग, कलम ३१" असे लिहा, आदेशाची नक्कल आणि आदेश त्याला बजावल्याचा अहवाल जोडा, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय उठू नका. बजावणीचा अहवाल हाती नसेल, तर आधी न्यायालयातून तो काढा, कारण "आदेश मला मिळालाच नाही" हा बचाव मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता ऐकताना हसूही येत नाही.

ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आपल्याला त्याहून जवळची वाट आहे: ज्या न्यायालयाने आदेश दिला, तेथेच भंगाची तक्रार थेट करता येते, किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) सही केलेली लेखी माहिती दिली असता त्यांनी ती आदेशाच्या प्रतीसह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. धुळ्यातील हद्दीच्या उत्तराचे म्हणाल, तर कलम २७ प्रमाणे हा आदेश संपूर्ण भारतात अंमलात येण्याजोगा आहे, आणि घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी प्रथम खबर शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावी लागते. कायद्याच्या प्रतीवर या कलमाखाली आणि कलम ३२ खाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. बोलण्यापेक्षा दाखवणे सोपे जाते.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत तातडीचे काम. परिस्थिती बदलली असल्यास कलम २५ खाली आदेशात फेरफार मागता येतो. पतसंस्था, घर, धुळ्यातील वर्ग आणि बसस्थानक ही ठिकाणे नावानिशी लिहून त्यांपासून ठरावीक मीटर अंतर राखण्याची अट मागा. "त्रयस्थ व्यक्तीमार्फत अथवा पैशाच्या व्यवहारामार्फत" हे शब्द घालून घ्या. शंभर रुपये भरणाऱ्या मित्राचा बंदोबस्त त्या एका ओळीत होईल. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

वकीलसाहेबांचे म्हणणे कायद्याला धरून आहे, याबद्दल शंका नाही. तथापि आपल्याकडे गावगाडा अजून नात्यांवर चालतो. कन्येच्या वडिलांनी दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसवून, मुलाला सर्वांसमक्ष समज द्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. न्यायालयाच्या तारखांना अंत नसतो, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या मुलीविषयी लोक काय बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे. हेतू चांगला आहे, गैरसमज नसावा.

गोमाईकाठची

काका, आपला हेतू चांगला आहे हे मान्य. पण अशा बैठकीत मी स्वतः बसलेली आहे, म्हणून लिहिते.

माझे गाव शहादा तालुक्यात आहे. माझ्याकडेही असाच आदेश होता आणि माझ्याही वडिलांना चार माणसांनी असेच समजावले. समाजाच्या सभागृहात बैठक झाली, त्याने सर्वांच्या पाया पडून माफी मागितली, चहा झाला, कोणीतरी मोबाइलवर छायाचित्र काढले. पुढच्या तारखेला ते छायाचित्र त्याच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केले आणि पतिपत्नींचा समझोता झालेला असल्याने आदेशाची गरज उरलेली नाही, असा अर्ज दिला. छायाचित्रात मी त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेली होते आणि माझ्या हातात कप होता. तो कप माझ्या हातात का होता, हे समजावून सांगायला मला दोन तारखा लागल्या. आदेश टिकला, पण मधल्या काळात तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरू लागला होता, कारण सर्वांसमक्ष माफी मागितल्यानंतर त्याला कोणी अडवेनासे झाले.

दुसरी चूक माझी स्वतःची होती. एकदा रात्री वैतागून मी त्याला संदेश पाठवला, "कृपया आता थांब." पाचच शब्दांच्या आत सगळे संपेल असे वाटले होते. त्या उत्तरामुळे त्याला कळले की चाळीस संदेश पाठवले की एक उत्तर येते, आणि पुढे तो चाळिसावर कधी थांबलाच नाही.

ताई, मला ज्या गोष्टीचा खरा उपयोग झाला, ती दोनशे पानी वही आहे. पानाच्या डाव्या बाजूला तारीख आणि वेळ, मध्ये काय घडले ते जसेच्या तसे, उजवीकडे त्या वेळी सोबत कोण होते. मी "त्याने त्रास दिला" असे कधी लिहिले नाही. "सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बसस्थानकाच्या रसवंतीजवळ उभा, निळा शर्ट, मी बसमध्ये चढेपर्यंत पाहत होता" असे लिहीत गेले. ज्या दिवशी काही घडले नाही, त्या दिवशी "काही नाही" एवढे लिहिले. साक्षीच्या वेळी त्याच्या वकिलांनी वही चाळली आणि त्या "काही नाही" असलेल्या पानांवर ते थबकले. खोटी वही लिहिणारी बाई रिकामे दिवस कशाला लिहील? कायद्याने एकट्या पीडितेच्या साक्षीवरही भंग सिद्ध होऊ शकतो, असे माझ्या वकिलांनी मला सांगितले होते; तरीही ती वही हाताशी होती म्हणून माझा आवाज कापला नाही.

आणि लाज सोडून द्या. मी आदेशाची एकेक प्रत शेजारच्या किराणा दुकानात, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि रोजच्या बसच्या वाहकदादांकडे दिली होती. वाहकदादांनी ती घडी करून तिकीट यंत्राच्या पिशवीत ठेवली. आपल्यालाही पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना लेखी पत्र द्यावे लागेल, कारण कॅमेऱ्यातील जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि मागाहून मागितले तर हाती काही लागत नाही. त्याच पत्रात त्या मित्राचे व्यवहार दुसऱ्या खिडकीवर वळवावेत, असेही लिहा.

आखाजीला त्याला बोलावू नका. आईला म्हणावे, जावई आला नाही म्हणून घागर भरायची राहत नाही. त्या दिवसांपुरता बंदोबस्त मिळावा, असा अर्ज आठवडाभर आधी ठाण्यात द्या, फाटकाशी भाऊ किंवा चुलता बसू द्या, आणि तो दिसताच वाद न घालता ११२ वर फोन करा. त्याच्याशी बोलायला घरातल्या पुरुषांनी बाहेर जाऊ नये. माझ्या भावाने कॉलर धरली, तर उलट तक्रार माझ्या भावावर झाली.

भुसावळ_फलाट

कायद्याचे वर आले आहे. मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, म्हणून माझ्या टेबलापुरते सांगतो. बसच्या मागे येण्यासाठी बस कोणती, हे आधी कळावे लागते. धुळ्याच्या वर्गाची वेळ त्याला कोणी सांगितली, याचा विचार ताईंनी केला आहे का?

माझ्याकडे आलेल्या अशा फोनांत बहुतेक वेळा गुप्त उपकरण वगैरे काही नसते. फोन नवऱ्याने घेऊन दिलेला असतो, गूगल खाते त्यानेच उघडलेले असते आणि परवलीचा शब्द त्याला अजून पाठ असतो. खात्याच्या सुरक्षा विभागात कोणकोणत्या यंत्रांवर ते खाते चालू आहे हे दिसते. तेथे अनोळखी यंत्र दिसले, तर आधी छायाचित्र घ्यावे आणि मगच ते बाहेर काढावे. नकाशात स्थान कोणाला दिसत आहे ते पाहावे. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणे तपासावीत. परवलीचे शब्द बदलताना दुसऱ्या, त्याने कधी न हाताळलेल्या फोनवरून बदलावेत. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना देण्याची सोय २०२३ पासून आलेली आहे, ती चालू ठेवावी.

ताईंची स्कूटर असेल, तर आसनाखाली बॅटरीजवळ पाहावे. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईक बाईंच्या स्कूटरमध्ये आगपेटीएवढी काळी डबी निघाली; दोन तारा बॅटरीला जोडलेल्या आणि आत सिमकार्ड. मी ती उपटणार होतो. त्यांच्यासोबत आलेल्या मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, हात नको लाऊ, पोलिसले येऊ दे." मावशींचे बरोबर होते. पंचनाम्यात डबी जागेवर असताना नोंदली गेली, आणि सिम कोणाच्या नावावर आहे हे पोलिसांनी कंपनीकडून काढले.

चोपडा_रोड

येथेच विचारतो, क्षमस्व. माझी भाची धुळ्यात महाविद्यालयात शिकते आणि एक मुलगा तिच्या मागे असतो. तो नात्यातला नाही. तिलाही असा संरक्षण आदेश मिळेल का?

जुना_काळा_कोट

तो मुलगा आणि भाची एका घरात नात्याने राहिलेले नसतील, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा तेथे लागणार नाही. तिने कलम ७८ खाली तक्रार द्यावी, आणि सोबत त्याच्याकडून शांततेचे बंधपत्र घ्यावे, म्हणजे ज्याला ठाण्यात "चॅप्टर केस" म्हणतात, ती कारवाई नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर करावी, असा अर्ज करावा. महाविद्यालयाच्या तक्रार समितीलाही लेखी कळवावे.

मूळ प्रश्नासंबंधी, गोमाईकाठच्या ताईंनी चित्रणाचा मुद्दा काढला, त्यात एक भर घालतो. चित्रण पेनड्राइव्हवर देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते. व्यवस्थापकांना पत्र देतानाच ते मागून ठेवा, नाहीतर ऐन साक्षीच्या वेळी व्यवस्थापकांची बदली झालेली असते.

निंबाची_सावली

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहीत आहे.

गूगल खाते पाहिले. त्यात माझ्या फोनशिवाय आणखी एक फोन होता आणि तो मी विकलेला नव्हे, तर सासरी कपाटात राहिलेला माझाच जुना फोन होता. माझ्या दिनदर्शिकेत शनिवारच्या वर्गाची वेळ लिहिलेली होती. ती त्याला तेथूनच दिसत होती. छायाचित्रे घेऊन, मग तो फोन खात्यातून काढला.

खातेउताऱ्यात एकूण चौदा रुपये निघाले. चौदा तारखा आणि चौदा टिपा. वहीतील नोंदी आणि व्यवस्थापकांनी दिलेले टपरीचे चित्रण त्यांच्याशी जुळवून मी अडीच पानी तक्रार लिहिली आणि वडिलांना घेऊन ठाण्यात गेले. या वेळी अंमलदारांनी कलम ३२ ची रेघ मारलेली ओळ दोनदा वाचली, आत जाऊन साहेबांना दाखवली, आणि आम्हाला पाऊण तास बसवून ठेवून प्रथम खबर नोंदवली. कलम ३१ आणि ७८ दोन्ही लागली आहेत. खबरीची प्रत मोफत मिळाली. परवा त्याला अटक झाली.

फेरफाराचा अर्ज वकिलांनी दाखल केला आहे. त्याच्या जामीन अर्जावर उद्या सुनावणी आहे, आणि आखाजी चार दिवसांवर आहे. जुना_काळा_कोट यांना एकच विचारते: जामीन झालाच, तर माझ्या गावात येऊ नये, अशी अट उद्याच मागता येईल का, की फेरफाराच्या अर्जाची वाट पाहावी लागेल?

जुना_काळा_कोट

उद्याच मागा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील २००६ च्या नियमांतील नियम १५ मध्ये जामीन देताना घालावयाच्या अशा अटींची तरतूद आहे: संपर्क न करणे, आपण राहता त्या आणि जेथे जाण्याची शक्यता आहे त्या ठिकाणांपासून दूर राहणे. आपले म्हणणे लेखी, आज रात्रीच तयार करून सरकारी वकिलांच्या हाती सकाळी साडेदहाच्या आत द्या. चौदा टिपांचा तक्ता त्याच्या पहिल्याच पानावर लावा.